येळ्ळूरच्या बांधावर सात बगळे उडवायचे आहेत, तेही त्यांच्याच विजेवर

हलता_देखावा | १५ जानेवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, पहिलाच धागा काढालोय, सांभाळून घ्या.

मी अनगोळचा. उद्यमबागेत एका फाउंड्रीत पॅटर्न, म्हणजे साच्यांचे नमुने, करतो आणि सतरा वर्षं झाली, गल्लीच्या मंडळाचा हलता देखावा माझ्याकडे आहे. बाहेरगावच्यांसाठी सांगतो, बेळगावात गणपतीत लोक रात्र रात्र फिरून देखावे बघतात. आतलं यंत्र सगळ्यांचं सारखंच. एक गिअर मोटर, एक लांब शाफ्ट, त्यावर लाकडी कॅम (मधून सरकवून बसवलेल्या चकत्या), कॅमवर चढ-उतार करणाऱ्या काड्या आणि काड्यांना बांधलेले देवादिकांचे हात. गेल्या वर्षी कालियामर्दन केलं. आमचा कृष्ण दर अकरा सेकंदांनी नागाच्या फण्यावर पाय आपटायचा. तिसऱ्या रात्रीपर्यंत बरं वाटलं. सातव्या रात्री मला त्या नागाची दया यायला लागली, आणि खरं सांगू का, कृष्णाचीही.

तेव्हापासून डोक्यात आहे की असं काहीतरी करावं जे दोनदा सारखं हलणार नाही.

आमची येळ्ळूरला भाताची थोडी जमीन आहे. बांधावरून राजहंसगड दिसतो, आडोसा काही नाही, वारा सरळ अंगावर येतो. तिथे चार मीटरचा खांब उभा करायचा, वर वाऱ्याचं चाक, खाली उभ्या शाफ्टभोवती गोलात सात बगळे. चाक फिरलं की पंख हलले पाहिजेत. त्याच शाफ्टला डायनॅमो. दिवसभराची वीज बॅटरीत, आणि अंधार पडला की त्याच विजेवर बगळ्यांच्या पोटात एलईडी. शेतात लाईट नाही आणि तारा ओढायच्याही नाहीत. धाकटा भाऊ म्हणतो, सोलर पॅनेल लाव आणि मोकळा हो. पण मग तो परत देखावाच झाला की ओ. वरून दिवा, आतून मोटर.

प्रश्न तीन. चाक कसलं घ्यावं? डायनॅमो मोटरसायकलचा चालेल का? आणि वीज काढली तर पंख मंदावतील का?

उद्यमबागी | १५ जानेवारी, रात्री १०:२५

पहिल्याचं उत्तर भंगारात आहे. २०० लिटरचं बॅरल उभं मधोमध चिरा, दोन अर्धुकं एकमेकांना पाठमोरी सरकवून बसवा, इंग्रजी एससारखी. सॅव्होनियस रोटर म्हणतात. फिनलंडच्या सिगुर्ड सॅव्होनियसने १९२०च्या दशकात काढलेली युक्ती. वारा कुठल्याही बाजूने येऊ दे, फिरतं. आवाज नाही, वेग कमी, जोर बरा.

एक बॅरल पुरणार नाही. दोन घ्या, एकावर एक, आणि वरचं खालच्याला काटकोनात. नाहीतर एका विशिष्ट कोनात चाक अडून बसतं आणि तुम्हाला शिडी लावून ढकलायला जावं लागतं.

आणि हे नीट वाचा: बॅरलमध्ये आधी काय होतं ते विचारल्याशिवाय गॅस कटर लावू नका. थिनरचं किंवा सॉल्व्हंटचं असेल तर आत राहिलेली वाफ पेटून बॅरल फुटतं. खाद्यतेलाचं बघून घ्या, तरी धुवा, पाणी भरा आणि मगच कापा.

मोटरसायकलचा डायनॅमो विसरा. त्याला मिनिटाला हजाराच्या वर फेरे लागतात. तुमचं चाक साठ-सत्तर देईल.

अखंडऊर्जा | १६ जानेवारी, सकाळी ७:०५

वाऱ्याची कटकटच कशाला? मोटरने डायनॅमो फिरवायचा, डायनॅमोची वीज परत मोटरला, उरलेली दिव्यांना. सुरुवातीला फक्त बॅटरीचा धक्का. मी स्वतः व्हिडिओ पाहिलाय, चाळीस मिनिटं चालू होतं. ही माहिती मुद्दाम दाबली जाते.

उद्यमबागी | १६ जानेवारी, सकाळी ७:१२

टेबलाखाली बघितलं का व्हिडिओत?

फळा_खडू | १६ जानेवारी, सकाळी ११:३०

मी निपाणीची, निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षिका. अखंडऊर्जा, तुम्ही एकटे नाही, मोठ्यांच्या पंगतीत आहात. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी अशाच चाकाचं वर्णन केलंय: पोकळ आऱ्या, त्यांत अर्धा अर्धा पारा, आणि पारा सरकत राहिला की चाक आपोआप फिरत राहणार. फिरत नाही. पारा एका बाजूला लांब जातो खरा, पण दुसऱ्या बाजूला जास्त आऱ्यांत साठतो आणि हिशेब मिटतो.

तुमच्या जोडीचा हिशेब त्याहून सोपा. मोटर चांगली असली तर १०० मधले ८० देईल. छोटा डायनॅमो त्या ८०तले ६० टक्के, म्हणजे ४८. दुसऱ्या फेरीला २३. दिव्यांना काय उरलं?

आता मूळ प्रश्नाकडे. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाने वाढते. वारा दुप्पट, शक्ती आठपट. दोन बॅरलचं चाक धरलं तर वाऱ्यासमोर साधारण १.८७ चौरस मीटर येतं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर, हवा जरा विरळ, घनमीटरला १.१ किलो धरू. सेकंदाला ४ मीटरची झुळूक असेल तर त्या चौकटीतून ६६ वॉट वाहतात. त्यातले ५९ टक्क्यांहून जास्त कुठलंच चाक काढू शकत नाही, ही बेट्झची मर्यादा. तुमचं बॅरल १५ टक्के काढेल. म्हणजे १० वॉट. त्यातून बगळे उडवायचे, बेअरिंगची भूक भागवायची आणि उरेल ते दिव्यांना.

म्हणून तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: हो, मंदावतील. पंख आणि दिवे एकाच खिशातून खर्च करणार आहेत.

घटप्रभा_काठ | १६ जानेवारी, दुपारी २:१५

आम्हा गोकाकवाल्यांना वाऱ्याचं कौतुक कळत नाही. आमच्या धबधब्यावर फार पूर्वी वीज निघाली, घटप्रभा ५२ मीटरवरून उडी मारते. सेकंदाला एक लिटर पाणी एक मीटर खाली पडलं तरी जवळपास १० वॉट. पावसाळ्यात तुमच्या बांधाच्या तोंडून किती पाणी वाहतं बघा, तुमच्या दोन बॅरलांना भारी पडेल. बगळे पाण्याचेच पक्षी ना?

हलता_देखावा | १६ जानेवारी, रात्री ९:५०

बाई, "एकाच खिशातून" हे वाक्य वहीत लिहून घेतलं.

घटप्रभा_काठ, हिशेब पटला, पण आमच्या बांधातून पाणी चार महिने जातं, उरलेले आठ महिने बगळ्यांनी काय उपास करायचा? शिवाय पाणी एकसारखं वाहतं. मला ती अकरा सेकंदांची शिक्षा परत नको.

कागदी_बाण | १७ जानेवारी, रात्री १:२०

मी बेळगावची, सध्या पुण्यात शिल्पकला शिकतेय. काका, तुमची कृष्णाची तक्रार वाचून हसू आलं, कारण हुबेहूब हेच अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर काल्डरला वाटलं होतं. १९३०च्या सुमारास त्याने मोटरवर आणि हाताच्या क्रँकवर हलणारी शिल्पं केली, मग त्या ठरलेल्या हालचालीला कंटाळला आणि मोटर काढून सगळं हवेवर सोडून दिलं. मोबाइल हा शब्द फोनला चिकटण्याच्या कितीतरी आधी त्याच्या शिल्पांना फ्रेंच कलावंत मार्सेल द्युशांने दिला, १९३१ साली. १९५५ मध्ये तो अहमदाबादला येऊन काम करून गेला होता.

दुसरा बघण्यासारखा माणूस म्हणजे थिओ यान्सन. हॉलंडच्या समुद्रकिनाऱ्यावर १९९० पासून पिवळ्या पीव्हीसी पाइपचे चालणारे प्राणी करतो. वीज नाही, मोटर नाही. त्यातले काही प्राणी तर वारा प्लास्टिकच्या बाटल्यांत दाबून साठवतात आणि वारा पडला की त्यावर चार पावलं चालतात. म्हणजे बॅटरीच, फक्त हवेची.

पंखांना पत्रा वापरू नका, प्लीज. बांबूच्या कामट्या आणि पॅराशूटचं कापड.

वाटसरू_३० | १७ जानेवारी, सकाळी ८:००

वाखुसा (वाचनखूण साठवली). शीर्षकात शहराचं नावही यायला हवं होतं, आणि ते बेळगाव लिहायचं की

धागा_व्यवस्थापक | १७ जानेवारी, सकाळी ८:१०

त्यासाठी वेगळे ४३ धागे आहेत. इथे फक्त बगळे.

हलता_देखावा | २२ फेब्रुवारी, रात्री १०:३०

धागा वर काढतोय. महिन्याची हकिकत.

चाक झालं. बॅरल खाद्यतेलाचं मिळालं. ५८ सेंटिमीटरचा व्यास, दोन अर्धुकांत १० सेंटिमीटरची सरक ठेवली, वर-खाली पत्र्याच्या तबकड्या. शाफ्ट २५ मिमी, बेअरिंग ६२०५. सीलबंद बेअरिंगचं घट्ट ग्रीस धुऊन पातळ तेल घातलं, तेव्हा कुठे बोटाने ढकलल्यावर फिरत राहिलं. शाफ्ट टर्न करून दिला आमच्या लेथवाल्या मामांनी. मामा कन्नडमधून बोलतात, मी मराठीतून, वीस वर्षांत कुणाचं अडलं नाही. ते सारखे "गाळी, गाळी" म्हणत होते, म्हणजे वारा. माझ्या पोराला वाटलं शिव्यांबद्दल चाललंय.

पण बगळे बसले. म्हणजे अक्षरशः बसले, उडेनात. शाफ्टवर एक कॅम, कॅमने एक कडं वर-खाली होणार आणि कड्याला सातही बगळ्यांच्या काड्या. मोटरवर मी नेहमी असंच करतो, सगळा थवा एकदम पंख उचलतो, बघायला झकास. वाऱ्यावर चाक पाव फेरा फिरतं, कॅमच्या चढाला येतं आणि थांबतं. जोराचा वारा आला की धाडकन एक फेरा, परत थांबतं. आजारी कोंबड्यांसारखं दिसतंय.

फळा_खडू | २३ फेब्रुवारी, सकाळी १०:४५

पंखांची जोडी किती ग्रॅमची आणि मधला भाग किती वर उचलला जातो?

हलता_देखावा | २३ फेब्रुवारी, दुपारी १:०५

जोडी ६०० ग्रॅम. कॅम मधून १० सेंटिमीटर सरकवलाय.

फळा_खडू | २३ फेब्रुवारी, दुपारी ३:३०

सात जोड्या म्हणजे ४.२ किलो. चढाच्या मध्यावर शाफ्टला साधारण ४ न्यूटन-मीटरचा पीळ लागतो. म्हणजे शाफ्टला मीटरभर लांब दांडा आडवा लावला आणि टोकाला ४०० ग्रॅमचं वजन टांगलं, तर ते उचलण्याइतका. सेकंदाला ३ मीटरच्या वाऱ्यात तुमचं चाक जेमतेम १ देतं. मोटर चढ आला तरी करंट वाढवून ओढते, वारा ओढत नाही.

सगळ्यांना एकदम उचलू नका. एक वर जाताना समोरचा खाली आला पाहिजे. सातांत फेऱ्याचे समान भाग पाडले तर सातही वजनांच्या चढ-उताराची बेरीज प्रत्येक क्षणी शून्य राहते. चाकाला फक्त घर्षण आणि पंखांखालची हवा एवढंच ओढावं लागेल.

उद्यमबागी | २३ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:२०

बाईंचं गणित एका तुकड्यात बसतं. कॅम फेकून द्या. शाफ्टवर तबकडी तिरकी बसवा, तिच्यावर बेअरिंग ठेवून दुसरी तबकडी, जी फिरणार नाही, नुसती डोलेल. सात काड्या त्या वरच्या तबकडीच्या कडेला. पंगतीत पाणी वाढत गेल्यासारखी उचल एकाकडून दुसऱ्याकडे जाईल. वरची तबकडी फिरू नये म्हणून तिला एक अडकण द्यायला विसरू नका.

हलता_देखावा | ८ मार्च, रात्री ११:१५

उडाले!

मामा आणि मी, दोघंच होतो बांधावर. वारा असा काही नव्हताच, बनियन वाळेल इतपत. एका बगळ्याने पंख उचलला, मग शेजारच्याने, मग त्याच्या शेजारच्याने. वारा पडत आला की लाट मंद होते, एखादा पंख अर्ध्यात थबकतो, जणू विचार करालाय, आणि परत निघतो. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तिरगतैति." फिरतंय.

कागदी_बाण, बांबू आणि कापडच वापरलं. तुझं ऐकलं ते बरं झालं, पत्र्याचे पंख दोन किलोच्या घरात गेले असते.

आता डायनॅमोचं बोला. जुन्या प्रिंटरची स्टेपर मोटर लावून बघितली. हाताने फिरवली तरी टक-टक-टक अडखळते. त्या अडखळीतच झुळूक संपते.

उद्यमबागी | ९ मार्च, सकाळी ८:४०

आत लोखंडाचे दात आहेत, चुंबक प्रत्येक दाताला चिकटू बघतो. लोखंडच काढून टाका. ८ मिमी जाडीच्या दोन तबकड्या, दोन्हींवर १२-१२ निओडिमियम चुंबक, उत्तर-दक्षिण आळीपाळीने, समोरासमोर विरुद्ध टोकं. दोन्ही तबकड्या शाफ्टबरोबर फिरणार. मधल्या फटीत रेझिनमध्ये ओतलेल्या ९ कॉइल, त्या स्थिर. तीन फेज, प्रत्येकी तीन कॉइल. स्कॉटलंडच्या ह्यू पिगॉटने घरगुती पवनचक्क्यांसाठी हा प्रकार जगभर शिकवलाय. तुम्ही तर पॅटर्नवाले, रेझिनचा साचा तुमच्या डाव्या हातचा मळ.

वेढे जास्त घ्या, वेग कमी आहे. कॉइलला १५०, तार २० गेज. कुठलाही रिवायंडिंगवाला गुंडाळून देईल. पुढे डायोडचा ब्रिज (वीज एकाच दिशेला जाऊ देणारा) आणि १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी.

चुंबकाच्या तबकड्या हाताने जवळ आणू नका. जॅकिंग बोल्ट लावून एक एक आटा उतरवा. मजा नाही सांगत.

हलता_देखावा | ३ एप्रिल, रात्री ९:००

जॅकिंग बोल्टचं वाक्य मी वाचलं होतं. तरीही. डाव्या अंगठ्याचं नख काळं-निळं झालंय, महिनाभर रंधा धरता येणार नाही. घरात जे ऐकून घेतलं ते इथे लिहीत नाही.

डायनॅमो मात्र लोण्यासारखा फिरतो. तारा सुट्या असताना अडखळ औषधालाही नाही. तारा एकमेकांना जोडल्या की चाक चिखलात रुतल्यासारखं जड होतं. पोराला ती जादू इतकी आवडली की दिवसभर तेच करत बसला.

अडचण अशी: बॅटरी सहा व्होल्टची लावली, घरात पडली होती म्हणून. दिवे लागतात, पण बगळे परत म्हातारे झाले. तार काढली की तरुण.

अखंडऊर्जा | ३ एप्रिल, रात्री ९:२०

मी म्हणालो होतो, मोटर लावा.

फळा_खडू | ४ एप्रिल, सकाळी ११:००

अंगठ्याला जपा. आणि दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवा, धाग्यावर विचारू नका.

सहा व्होल्टची बॅटरी काढा, बाराचीच लावा. कारण बघा. डायनॅमोचा दाब, म्हणजे व्होल्टेज, बॅटरीच्या दाबापेक्षा वर जाईपर्यंत ब्रिजमधून करंट जातच नाही. करंट नाही तर ब्रेक नाही. तुमच्या वेढ्यांवर बारा व्होल्टचा उंबरठा मिनिटाला ४० फेऱ्यांच्या आसपास येईल. सहाचा उंबरठा त्याच्या अर्ध्यावर, म्हणून झुळूक आली रे आली की वसुली सुरू होते.

चाळीसच्या खाली बगळे फुकट उडतील. चाळीसच्या वर वारा जेवढा वाढेल तेवढा ब्रेक वाढेल, म्हणजे जादा वारा पंखांत न जाता बॅटरीत जाईल. वादळी झोतातही तुमचे बगळे फार घाई करणार नाहीत. डायनॅमो हा तुमचा लगाम आहे, वीज नंतर.

कागदी_बाण | ४ एप्रिल, दुपारी १२:१०

बाई, काय सुंदर आहे हे! बगळा घाईत वाईटच दिसतो.

हलता_देखावा | ११ मे, रात्री १०:०५

बारा व्होल्ट लावून महिना झाला. बाईंचा शब्द न् शब्द खरा. सकाळी नुसते उडतात, बॅटरीला दमडी नाही. दुपारी तीननंतर वारा चढतो, मीटरवर ०.३ ते ०.४ अँपिअर दिसतात, म्हणजे चार-पाच वॉट. पंखांचा वेग पन्नासच्या आसपासच राहतो. परवा वळवाच्या झोतात १ अँपिअरच्या वर गेला तरी बगळे साठच्या घरात.

खर्च: सात दिवे, अर्धा अर्धा वॉट, रात्री पाच तास. साडेसतरा वॉट-अवर. दुपारच्या वाऱ्याचे चार तास धरले तरी खर्च भागतो. ज्या दिवशी वारा नाही त्या दिवशी बॅटरीतलं जुनं खातात. सलग पाच दिवस वारा पडला तर अंधार. आणि मला ते चालतं.

अंधारात लांबून खांब दिसत नाही, नुसते सात उजेड एकामागून एक वर-खाली होतात. पहिल्या आठवड्यात रस्त्यावरून जाणाऱ्या दोघांनी गाड्या परत फिरवल्या. आता चहाच्या टपरीवर भुताची गोष्ट तयार आहे, त्यात सात नाही, नऊ उजेड आहेत.

उद्यमबागी | १२ मे, सकाळी ७:३०

मृगाच्या आधी तीन गोष्टी. बॅटरी भरली की जादा करंट सोडायला जाड वायरचा रेझिस्टर आणि रिले (आपोआप चालणारा स्विच), नाहीतर बॅटरी उकळेल. तीन तारा शॉर्ट करणारा स्विच खांबाच्या बुडाशी, हाताला येईल असा, तोच तुमचा ब्रेक. आणि खांबाला अर्थिंग, मोकळ्या रानात सगळ्यात उंच तुम्हीच आहात.

हलता_देखावा | २९ जुलै, रात्री ८:४५

रिले, स्विच, अर्थिंग, तिन्ही केलं. जूनमधल्या दोन रात्री स्विच टाकून बगळे बांधून ठेवले. एका पंखाचं कापड फाटलं, बाकी ठीक. चारी बाजूंनी लावणी झालीय आणि बॅटरी बारा-साडेबारा व्होल्टच्या खाली उतरतच नाही.

नवीन भानगड: मंडळाची मीटिंग झाली. या वर्षी देखाव्याला हेच बगळे हवेत. मी म्हटलं, गल्ली नऊ फुटांची, दोन्हीकडे तीन मजले, वर मांडव. वारा येणार कुठून? सेक्रेटरी म्हणाला, त्यात काय, समोर दोन मोठे पेडेस्टल फॅन लावू.

अखंडऊर्जा | २९ जुलै, रात्री ८:५८

आणि त्या फॅनना वीज बगळ्यांचीच द्यायची.

हलता_देखावा | २९ जुलै, रात्री ९:०२

अध्यक्षांनी अगदी हेच विचारलं.